किती पॉइंटर? : एका सरासरीचा इतिहास

निकालाच्या दिवशी मुंबईतल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात एकच प्रश्न ऐकू येतो, "किती पॉइंटर?" उत्तर 'साडेसात' किंवा 'आठ पॉइंट दोन' असं येतं आणि विचारणाऱ्याला तेवढं पुरतं. तेच उत्तर घरी पोचलं की आजोबा पुढचा प्रश्न विचारतात, "म्हणजे टक्के किती?" इथे गाडी अडते. कारण या दुसऱ्या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कोणत्या विद्यापीठाचं सूत्र लावायचं, कोणत्या वर्षाचं, आणि विचारणारा कोण, यावर ते अवलंबून असतं. एका साध्या आकड्याच्या मागे इतक्या अटी कशा काय आल्या, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं. निदान सव्वादोनशे वर्षं तरी.

चार ढीग

अमेरिकेतल्या येल कॉलेजचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ साली आपल्या रोजनिशीत परीक्षेची एक नोंद केली. परीक्षेला ५८ विद्यार्थी हजर होते. त्यांतले २० 'ऑप्टिमी' म्हणजे उत्तम, १६ दुसऱ्या दर्जाचे 'ऑप्टिमी', १२ 'इन्फिरिओरेस' म्हणजे खालचे आणि १० 'पेजोरेस' म्हणजे त्याहून वाईट. गुण नाहीत, टक्के नाहीत, फक्त चार ढीग. अमेरिकी कॉलेजातल्या श्रेणींची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानली जाते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येलमध्येच सरासऱ्या नोंदवण्याची एक वही सुरू झाली आणि त्या चार ढिगांचं ४ पैकी गुणांत रूपांतर झालं. लॅटिन शब्द जाऊन आकडे आले. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. 'उत्तम' आणि 'वाईट' या दोन शब्दांची बेरीज करता येत नाही. ४ आणि १ यांची मात्र करता येते, बेरजेला दोनाने भागताही येतं. शब्दाच्या जागी आकडा आला आणि त्याच क्षणी सरासरी शक्य झाली. ती काढणं योग्य आहे का, हा प्रश्न बऱ्याच नंतर विचारला गेला.

मधल्या काळात ज्याला जसं सुचेल तशी मापं निघाली. हार्वर्डमध्ये १८३० साली २० पैकी गुण देण्याची पद्धत दिसते, काही वर्षांत तिथल्याच काही प्राध्यापकांनी १०० चं माप वापरलं. अक्षरं आली ती शतकाच्या शेवटी. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजने १८९७ साली अक्षरी श्रेणी लावल्या. तिथे 'ए' मिळवायला ९५ च्या वर गुण लागत आणि ७५ च्या खाली गेलं की नापास. म्हणजे आज आपण ज्याला 'डिस्टिंक्शन' म्हणू, तिथे त्या मुलींची जेमतेम सुटका होत होती. अक्षर तेच राहिलं तरी त्याच्या आतला माल कॉलेजागणिक बदलतो, हे सुरुवातीपासूनचं आहे.

रँग्लर

इंग्लंडात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली. तिचं श्रेय बहुतेक वेळा विल्यम फॅरिश यांना दिलं जातं, त्यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या बेरजेचा उपयोग मात्र सरासरीसाठी नव्हता, क्रमासाठी होता. पहिल्या वर्गात येणारे सगळे 'रँग्लर' आणि त्यांच्यातला पहिला 'सीनियर रँग्लर'.

हा शब्द मराठीत पक्का रुतून बसला तो १८९९ साली. त्या वर्षी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने सीनियर रँग्लर ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परांजपे पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, तरी महाराष्ट्राने त्यांना शेवटपर्यंत 'रँग्लर परांजपे' असंच म्हटलं. परीक्षेतला नंबर माणसाच्या नावाला पदवीसारखा चिकटण्याचं याहून ठळक उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

गंमत अशी की ज्या केंब्रिजने हा क्रम जगाला दिला, त्यानेच दहा वर्षांनी तो मोडीत काढला. १९०९ नंतर ट्रायपॉसची गुणानुक्रमे यादी बंद झाली. नावं वर्गवार, पण वर्गाच्या आत आडनावाच्या आद्याक्षराने लागू लागली. विद्यार्थी गणित शिकण्याऐवजी खाजगी शिकवण्यांत यादीतल्या जागेची तयारी करतात, ही तक्रार जुनी होती. आपल्याकडे मात्र 'बोर्डात येणं' पुढे कित्येक दशकं चाललं. दहावीच्या गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेढा भरवतानाचे फोटो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत. ती यादी बंद झाली तेव्हा केंब्रिजच्या निर्णयाला जवळपास शतक होत आलं होतं.

वर्ग आणि कृपा

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं १८५७ साली निघाली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ सालची. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या विद्यापीठांनी येलची सरासरी घेतली नाही आणि केंब्रिजचा क्रमही पूर्णपणे घेतला नाही. त्यांनी 'वर्ग' घेतला. फर्स्ट क्लास, सेकंड क्लास, पास. मराठीने तो शब्द इतका आपलासा केला की आज जेवणही 'फर्स्टक्लास' होतं. अर्थात त्यात रेल्वेच्या डब्याचाही वाटा असणार.

वर्ग म्हटला की सीमारेषा आली, आणि सीमारेषा आली की तिच्या जरा अलीकडे राहिलेला माणूस आला. कलकत्ता विद्यापीठाच्या १८५८ सालच्या पहिल्याच बी.ए. परीक्षेत १३ जण बसले आणि नियमाप्रमाणे पाहिलं तर कोणीच उत्तीर्ण होत नव्हतं. त्यांतल्या दोघांनी सहापैकी पाच विषयांत चांगले गुण मिळवले होते. सहाव्यात ते सातपेक्षा जास्त नाही, एवढ्याच गुणांनी कमी पडत होते. विद्यापीठाने कृपा म्हणून त्यांना दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण केलं. त्यांतले एक यदुनाथ बोस, आणि दुसरे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. भारतातल्या पदव्यांचा इतिहास ग्रेस मार्कांनी सुरू होतो, हे ग्रेस मागायला संकोचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायला हवं.

श्रेयांकाचा जन्म पेन्शनमधून

आजची जीपीए म्हणजे नुसती सरासरी नव्हे, भारित सरासरी आहे. प्रत्येक विषयाचं वजन वेगळं, आणि ते वजन म्हणजे क्रेडिट. विद्यापीठांच्या मराठी कागदांवर त्याला 'श्रेयांक' म्हणतात. या वजनाचा उगम शोधायला गेलं की आपण प्राध्यापकांच्या पेन्शनपाशी पोचतो.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली अमेरिकी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेपुढे पहिलाच प्रश्न आला : कॉलेज कशाला म्हणायचं? उत्तर म्हणून प्रवेशाची एक अट ठरली. येणाऱ्या विद्यार्थ्याने हायस्कुलात १४ 'युनिट' पुरे केलेले असावेत, आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास. पेन्शन हवं असलेल्या कॉलेजांनी ही अट झटपट स्वीकारली. १९१० साली मॉरिस कुक या इंजिनिअरने कॉलेजांच्या कार्यक्षमतेवर अहवाल लिहिला आणि 'एका विद्यार्थ्याचा एक तास' हे मोजमाप सुचवलं. कारखान्यात नग मोजतात तसे कॉलेजात तास.

त्याच सुमारास हार्वर्डच्या चार्ल्स एलियट यांनी रुळवलेली ऐच्छिक विषयांची पद्धत सगळीकडे पसरली होती. सगळ्यांचे विषय सारखे असतील तर एकूण गुणांवरून क्रम लावता येतो. एक जण ग्रीक आणि भूगर्भशास्त्र घेतो आणि दुसरा अर्थशास्त्र आणि जर्मन, तेव्हा तुलना कशी करणार? प्रत्येक विषयाच्या श्रेणीला आकडा, त्या आकड्याला तासांचं वजन, आणि शेवटी भागाकार. जीपीए ही अशी निवडीच्या स्वातंत्र्याची किंमत म्हणून आली.

हिशेब

आता तो भागाकार प्रत्यक्ष करून पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडाधिष्ठित श्रेयांक पद्धतीसाठी जे दहाचं माप सुचवलं, ते असं : ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाचे दोन तास मिळून एक.

समजा, एका विद्यार्थिनीचे एका सत्रात पाच विषय आहेत. गणित ४ श्रेयांक, श्रेणी बी. भौतिकशास्त्र ४ श्रेयांक, बी प्लस. संगणक ३ श्रेयांक, ए प्लस. भाषा २ श्रेयांक, ओ. कार्यशाळा १ श्रेयांक, ओ. प्रत्येक विषयाचे श्रेयांक गुणिले श्रेणीचा आकडा : २४, २८, २७, २० आणि १०. बेरीज १०९. एकूण श्रेयांक १४. १०९ भागिले १४ म्हणजे ७.७९. ही त्या सत्राची एसजीपीए. नुसते श्रेणींचे आकडे घेऊन पाचाने भागलं असतं तर ८.४ आले असते. फरक पडला तो गणित आणि भौतिकशास्त्राच्या वजनाने. म्हणून अनुभवी विद्यार्थी सांगतात की चार क्रेडिटच्या विषयाकडे आधी बघ. केटी लागली तर तीही जड विषयात लागू नये.

सगळ्या सत्रांची मिळून काढलेली ती सीजीपीए. इथे एक चूक नेहमी होते : सहा सत्रांच्या एसजीपीए घेऊन सहाने भागणं. सत्रांचे श्रेयांक सारखे असतील तरच ते बरोबर येतं. एरवी प्रत्येक सत्राची एसजीपीए त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणायची, बेरीज करायची आणि मग एकूण श्रेयांकांनी भागायचं.

पायऱ्यांचा खेळ

महाराष्ट्रात ही पद्धत एकदम आली नाही. कानपूरच्या आयआयटीला १९६२ ते १९७२ या दशकात नऊ अमेरिकी शिक्षणसंस्थांच्या संघाचं साहाय्य होतं, आणि सत्रं, अक्षरी श्रेणी हे सगळं तिथे सहज रुजलं. पवईची आयआयटी सोव्हिएत मदतीने उभी राहिली, तरी तिथेही पुढे एए, एबी, बीबी अशा दुहेरी अक्षरांच्या श्रेणी आणि 'सीपीआय' आला. मुंबई विद्यापीठात श्रेयांक आणि श्रेणी २०११-१२ पासून आल्या, त्या सात पायऱ्यांच्या. ७० च्या वर 'ओ' आणि ७ पॉइंट. काही वर्षांतच दहाचं माप आलं आणि 'ओ' साठी ८० लागू लागले. एकाच विद्यापीठाच्या दोन तुकड्यांची 'ओ' श्रेणी म्हणजे एकच गोष्ट नव्हे.

श्रेणींचं मूळ समर्थन चांगलं होतं. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांना दिली तर गुण वेगळे येतात, हे इंग्लंडात एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली संख्याशास्त्राच्या भाषेत मांडलं होतं. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी १९१३ साली भूमितीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांना पाठवली. ११६ शिक्षकांनी ती तपासली. दोघांनी ९० च्या वर गुण दिले, एकाने ३० च्या खाली. भूमितीच्या पेपरात! मग ७१ आणि ७२ यांतल्या फरकाला अर्थ काय? त्यापेक्षा रुंद पायऱ्या कराव्यात, म्हणजे एका गुणाचं भांडण संपेल, असा विचार होता.

पण पायरी रुंद केली की भांडण संपत नाही, पायरीच्या कडेला जाऊन बसतं. मुंबईच्या दहाच्या मापात ८० ते १०० सगळे १०, आणि ७९ ला ९. सारख्या श्रेयांकांचे चार विषय घ्या. एका मुलाला चारही विषयांत ८०. त्याची जीपीए १०, सरासरी ८०. दुसऱ्या मुलीला दोन विषयांत १०० आणि दोन विषयांत ७९. तिची सरासरी ८९.५, जीपीए मात्र ९.५. टक्क्यांत साडेनऊने पुढे असलेली मुलगी पॉइंटरमध्ये अर्ध्याने मागे. यात कोणी लबाडी केलेली नाही, ही त्या मापाचीच करामत आहे.

टक्के किती?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. केंद्रीय बोर्डाने २००९-१० साली दहावीला श्रेणी लावल्या तेव्हा टक्के काढायला सीजीपीए गुणिले ९.५ असं सांगितलं. हे ९.५ आलं कुठून? ९१ ते १०० गुण मिळवणाऱ्या मुलांची सरासरी आधीच्या वर्षांत ९५ च्या आसपास होती, तिला १० ने भागलं. सर्वांत वरच्या पायरीचा अनुभव खालच्या सगळ्या पायऱ्यांना लावला गेला.

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत वेगळं सूत्र रूढ झालं : सीजीपीएला ७.१ ने गुणा आणि १२ मिळवा. त्यामुळे ४ ला ४०.४ म्हणजे जवळपास उत्तीर्णतेची रेषा येते, आणि १० ला ८३. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के, ७.२५ म्हणजे ६५. थोडक्यात, ०.७५ वजा करा आणि १० ने गुणा.

समजा, एका विद्यार्थ्याचा पॉइंटर ६.७६ आहे, आणि नोकरीच्या जाहिरातीत 'किमान ६० टक्के' ही नेहमीची अट आहे. परिषदेच्या हिशेबाने त्याला ६०.१ टक्के. बोर्डाचं ९.५ लावलं तर ६४.२२. सरळ दहाने गुणलं तर ६७.६. आणि मुंबईच्या सूत्राने ५९.९९६. तो अर्ज करू शकतो की नाही, हे चार हजारांश टक्क्यावर ठरतं, आणि ते टक्के त्याने कधी मिळवलेलेच नाहीत, ते एका सूत्राने तयार केले आहेत. म्हणून व्यवहारातला सल्ला एवढाच : कुठेही टक्के लिहिण्याआधी आपल्या विद्यापीठाचं, आपल्या अभ्यासक्रमाचं आणि आपल्या वर्षाचं सूत्र बघावं, विद्यापीठाकडून रूपांतराचं पत्र घ्यावं, आणि मूळ गुण छापलेले असतील ती गुणपत्रिका कधीही हरवू नये.

सरासरीवर याहून मोठ्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६६ साली, अमेरिकी सरकारने सक्तीच्या लष्करभरतीतून कोणत्या विद्यार्थ्याला तूर्त वगळायचं हे ठरवताना त्याचा वर्गातला क्रम किंवा एका चाचणीतले गुण विचारात घ्यायला सुरुवात केली. 'सी' देणाऱ्या प्राध्यापकाला आपण त्या मुलाला आघाडीवर पाठवतो आहोत की काय, असा प्रश्न पडू लागला. शिकागो विद्यापीठात त्या वर्षी मे महिन्यात विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीत ठाण मांडलं. मागणी होती, आमचा क्रम सरकारला कळवू नका.

गुण

मराठीत 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक माणसाच्या अंगी असलेला आणि दुसरा परीक्षकाने दिलेला. एकच शब्द असल्यामुळे पहिल्याला दुसरा समजण्याची चूक फार सोपी होते. 'गुणवत्ता यादी' हा शब्दच ती चूक रोज करतो.

१९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांच्या चरित्रात आकडा येतो तो ७५० पैकी २८२. टक्केवारी काढली तर ३७.६. आजच्या मापावर तो आकडा ठेवला तर 'एफ' श्रेणी, शून्य पॉइंट. असा ताळा करणं अर्थातच चूक आहे. ती परीक्षा वेगळी, गुण देण्याची रीत वेगळी आणि त्या काळी मॅट्रिक पार करणं हीच मोठी गोष्ट. एका अस्पृश्य मुलाने ती पार केली म्हणून सभा भरली, आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. एका काळाचा आकडा दुसऱ्या काळाच्या पट्टीवर ठेवता येत नाही, हेच तर या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

सहा वर्षांनी हाच विद्यार्थी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन एकेक. एकूण ६०. ऐच्छिक विषयांच्या ज्या पद्धतीतून जीपीए जन्मली, तिचाच हा दुसरा चेहरा. माणूस कशाच्या शोधात होता, हे त्या यादीत दिसतं. तिची सरासरी काढली तर एक आकडा हाती येईल आणि शोध दिसेनासा होईल.

आता शैक्षणिक श्रेयांक बँक आली आहे. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात वापरता यावेत, मध्येच शिक्षण सोडावं लागलेल्याने पुन्हा तिथूनच सुरुवात करावी, असा तिचा हेतू आहे. तो साधला तर चांगलंच होईल. पण पुढच्या वेळी कोणी "किती पॉइंटर?" असं विचारलं, तर आकडा सांगून झाल्यावर कोणते विषय घेतले होते, हेही सांगावं. आणि विचारणाऱ्यानेही तेवढं ऐकायला थांबावं.